सिसिलमामींचा ओव्हन

रिपेअरिंगच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक म्हणजे उरलेले स्क्रू आणि दुसरे किस्से. स्क्रूंचा डबा भरला की भंगारवाल्याला देऊन मोकळं होता येतं. किश्श्यांचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. चार मित्र जमले की कोणीतरी म्हणतंच, "दिलीप, ते ओव्हनचं सांग!" मी सांगतो, ते पोट धरून हसतात. घरी परतताना मला मात्र उगाच उदास वाटत राहतं.

दुकान पापडीला. मालक रुफिनमामा. मी मूळचा साताऱ्याकडचा, आयटीआय करून वसईत आलेला आणि त्यांच्या हाताखाली लागलेला. फ्रिज, मिक्सर, इस्त्री असं काहीही यायचं, पण आमचं नाव झालं ते ओव्हनमुळे.

त्याचं असं झालं. नव्वदच्या दशकात आमच्या भागातले बरेच जण आखातात एकाच कंपनीत कामाला होते. त्या कंपनीनं साहेबलोकांची जुनी कॉलनी पाडायला काढली, तेव्हा बंगल्यांच्या किचनमधले ओव्हन कामगारांना स्वस्तात विकून टाकले. भिंतीत बसवायचे ओव्हन! खाली ओव्हन, वर मायक्रोवेव्ह आणि दोघांना मिळून बटणांची एकच पट्टी. एक रुसला की दुसराही बंद. बोटीनं ते वसईला आले आणि पापडी, वटार, राजोडीच्या घरांतून ऐटीत भिंतीत जाऊन बसले. सगळे एकाच मॉडेलचे, आणि पार्ट अख्ख्या मुंबईत कुठे नाही!

असाच एक रुफिनमामांच्या घरीही होता. सिसिलमामींना त्यांच्या भावानं पाठवलेला. नाताळला मामी त्यात रव्याचा, ओलं खोबरं घातलेला केक करायच्या. तसा केक मी नंतर कुठेच खाल्ला नाही. घरात दोघंच, मूलबाळ नव्हतं. मामींचा जीव त्या ओव्हनमध्ये. पण गावात कोणाचाही ओव्हन बंद पडला आणि पार्ट मिळेना, की मामांची नजर वळायची ती घरच्या ओव्हनकडे.

मामी विचारायच्या, "सगळ्यांचे चालू झाले. माझा कधी?"

"नाताळच्या आत!" मामा म्हणायचे. कुठल्या नाताळच्या, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही.

* * *

वटारचे डॉमनिककाका. वाडीवाले, केळीचं मोठं आगर. त्यांच्या गवंड्यानं ओव्हन भिंतीत बसवला तो असा, की चारी बाजूंनी सिमेंट आणि वर टाइल्स! बाहेर ओढायची सोयच नाही. ओव्हन ठप्प झाला तेव्हा आम्ही दोघं जाऊन बघत राहिलो.

"मागून उघडता येईल," मामा म्हणाले. "मागे काय आहे?"

डॉमनिककाका टाइल्स पुसायला लागले. मागे त्यांच्या सख्ख्या भावाचं किचन होतं. घराच्या वाटण्या झाल्यापासून दोघांत बोलणं बंद. शेवटी आम्हीच त्या बाजूला गेलो, हातापाया पडलो आणि भावाच्या किचनमधून भिंत फोडली. सगळीकडे धुरळा. मामांनी मागची पाठ उघडून एकेक वायर तपासली. सगळं ठीक!

मी सहज समोरून बघितलं तर बटणांच्या वर काळी चिकटपट्टी लावलेली. मला वाटलं होतं, काच तडकली असेल.

"ती होय?" डॉमनिककाका म्हणाले. "लाइट जाऊन आली की ते घड्याळ सारखं डोळे मिचकावतं. झोप लागत नाही. म्हणून झाकलं."

लोडशेडिंगनं घड्याळ शून्यावर गेलं होतं. ते लावल्याशिवाय हा ओव्हन चालूच होत नाही. मामांनी पट्टी काढली, दोन बटणं दाबली आणि ओव्हन सुरू झाला. भिंतीला पडलेल्या भोकातून दोघे भाऊ एकमेकांकडे बघत होते. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं होणार. आणि खरंच, इतक्या वर्षांनी धाकटा भाऊ थोरल्याशी बोलला.

म्हणाला, "भिंत कोण बांधून देणार?"

* * *

पार्टसाठी आम्ही काय कमी हिंडलो? लॅमिंग्टन रोड, चोर बाजार सगळं पालथं घातलं. एकदा कोणीतरी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरचा पत्ता दिला. मामा घरच्या ओव्हनची मॉडेल नंबरची पट्टी उचकटून खिशात घालून गेले. नवी पँट, इस्त्रीचा शर्ट, जणू मुलगी बघायला चालले होते.

काउंटरवरच्या टायवाल्यानं पट्टी उलटसुलट करून बघितली. "ये तो हमने कभी देखा ही नहीं. अंकल, नया ले लो ना!"

मामा घरी येऊन वैतागून म्हणाले, "याला काय अर्थ आहे? डॉक्टरकडे बायकोला न्यावं आणि तो म्हणतो, नवी बायको करा!"

मामी चहा गाळत होत्या. म्हणाल्या, "करा की! फक्त माझा ओव्हन चालू करून द्या आणि मग करा."

आम्ही तिघंही खूप हसलो. मॉडेल नंबरची ती पट्टी मामांनी पुन्हा लावली नाही, दुकानातच राहिली. तो किस्सा मी आता कोणाला सांगत नाही. आज ओघात सांगून गेलो.

* * *

राजोडीचा पास्कोल. समुद्रावर जाणारा माणूस, दुबईहून भावानं पाठवलेला ओव्हन घरात. एका पावसाळ्यात धावत दुकानात आला. "मामा, मशीन भडकला!"

आम्ही घरात पाऊल टाकलं आणि नाकाला रुमाल लावला. मायक्रोवेव्हमध्ये बोंबील! जळून काळे ठिक्कर.

"यात काय केलं रे बाबा?"

"सुकवत होतो," पास्कोल म्हणाला. "भायेर सारका पाऊस. बोंबील सुकवाचे कुठं? पानी नाय घातला मी आत, खरंच सांगतो!"

दाराचा स्विच जळाला होता. तो नसला तर वरचा-खालचा दोन्ही बंद. पास्कोलची बायको कोपऱ्यात उभी राहून रडत होती, कारण ओव्हन दिराचा होता आणि दीर पुढच्या महिन्यात येणार होता. मामा घरी गेले आणि मामींच्या ओव्हनचा स्विच काढून घेऊन आले.

"मामी काही बोलल्या?" मी विचारलं.

"बोलली ना. म्हणाली, माझ्या स्विचला आता बोंबलांचा वास लागणार!"

* * *

तरी स्विचवरून मामी रुसल्या नव्हत्या. रुसल्या त्या पंख्यावरून, आणि तेही एकच दिवस.

गावातल्या एका टीचरच्या ओव्हनचा पंखा गेला. आतली गरम हवा फिरवणारा पंखा. तो नसला की केक एका बाजूनं करपतो आणि दुसऱ्या बाजूनं कच्चा. टीचरच्या मुलीचा साखरपुडा तोंडावर आलेला. टीचर मामांच्या घरी येऊन बसल्या. "सिसिल, लोकांना सांगितलंय, केक घरचाच. मी तोंड कसं दाखवू?"

मामा मान खाली घालून बसले होते. मामींनीच टॉर्च आणली.

"काढा," त्या म्हणाल्या. "माझं काय, मी घरातच आहे."

टॉर्च मामींनी धरली आणि पंखा मामांनी काढला. त्या वर्षीच्या नाताळला मामी केकचे ट्रे डोक्यावर घेऊन बेकरीच्या भट्टीवर रांगेत उभ्या होत्या. ज्यांच्याकडे ओव्हन नाहीत ते सगळे नाताळला तिथेच भाजून घेतात. बेकरीवाला सगळ्यांसमोर ओरडला, "काय दिवस आले! ओव्हनवाल्याची बायको आमच्या भट्टीवर!"

मामी हसल्या. घरी आल्यावर मात्र मामांशी दिवसभर बोलल्या नाहीत. संध्याकाळी केकचा पहिला तुकडा त्यांच्या ताटात ठेवून एवढंच म्हणाल्या, "खालून करपलाय. पंखा आणा."

मामांनी खूप शोधला. मी साक्षीदार आहे. पण मिळाला नाही तो नाहीच.

* * *

त्यानंतरच्या पावसाळ्यात मामींना काविळीचं निमित्त झालं आणि सगळं फार भराभर झालं. आज-उद्या घरी सोडतील असं म्हणता म्हणता त्या गेल्या.

आदल्या दिवशी मी हॉस्पिटलात गेलो होतो. मामी पिवळ्या पडलेल्या, आवाज खोल गेलेला. मला म्हणाल्या, "दिलीप, तुझ्या मामाला सांग, घाई नाही. पण विसरू नका म्हणावं."

कशाबद्दल, ते विचारायची मला गरज नव्हती. मैताला अख्खी पापडी लोटली होती. ज्यांच्या ज्यांच्या घरी मामींच्या ओव्हनचं काही ना काही गेलं होतं, ते सगळे आले होते. मला त्या दिवशी त्या सगळ्यांचा राग आला. तसा राग यायला नको होता, पण आला.

चर्चमध्ये मामींसाठी महिन्याचा मिस्सा झाल्यावर मामांनी दुकान उघडलं. शटर वर करता करता म्हणाले, "आता सिसिलचा ओव्हन चालू करायचा."

'आता कशाला?' हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी झाडू घेतला आणि आत जाऊन झाडायला लागलो.

* * *

स्विचचं काम सोपं झालं. पास्कोलला कुठून तरी कळलं. तो स्वतःच आला, हातात प्लॅस्टिकची पिशवी. आत स्विच, आणि सोबत सुक्या बोंबलांची जुडी.

"मामीचा हाय तो. घ्या," म्हणाला.

"अरे, तुझा ओव्हन बंद पडेल!"

"पडू दे. भाऊ आता येतंय कुठं? तिकडंच राहिला तो." आणि चहाही न घेता निघून गेला.

राहिला पंखा. मामांना कोणाकडे काही परत मागणं जमण्यातलं नव्हतं. टीचरच्या दारापर्यंत जाऊन ते दोनदा परत आले. शेवटी मला पुढे घातलं.

टीचरनी प्रेमानं बसवलं, सरबत दिलं, मामींची आठवण काढून डोळे पुसले. मी आडून आडून विषय काढला. त्यांना कळेना. मग मामाच चाचरत म्हणाले, "टीचर, तो पंखा... तुमचं काम अडत नसेल तर..."

"अहो, मग न्या ना!" टीचर उठल्याच. आम्हाला किचनमध्ये नेऊन त्यांनी ओव्हनचं दार उघडलं. आत पापडांचे डबे, जुनी लाइट बिलं आणि औषधांच्या बाटल्या.

"साखरपुड्याला एकदा लावला होता. मग बिल बघून आमचे मिस्टर ओरडले. तेव्हापासून कपाटच केलंय त्याचं," त्या हसून म्हणाल्या. "पंखा आम्हाला लागतोय कुठे?"

मी मामांकडे बघितलं नाही. बघवलंच नसतं. ते खाली बसले आणि एकेक डबा बाहेर काढून ओळीनं जमिनीवर ठेवायला लागले. पंखा काढून झाल्यावर सगळे डबे पुन्हा होते तसे आत लावले. लाइट बिलंसुद्धा.

* * *

आता शेवटचा.

नाताळ दोन दिवसांवर आला होता. मामांनी पंखा बसवला, स्विच बसवला, कुठून कुठून जमवलेलं बाकीचं सामान बसवलं. ओव्हन भिंतीत सरकवला. मला म्हणाले, "बटण दाब."

दिवा लागला. पंखा फिरला. घड्याळ डोळे मिचकावायला लागलं, ते मामांनी लावलं. थोड्या वेळानं काच तापली. किती दिवसांनी मी त्या माणसाला हसताना बघत होतो!

शेजारची रिटा बातमी ऐकून धावत आली. ती मामींच्या हाताखाली वाढलेली. तिनं खोबरं किसलं, रवा भिजवला, मामी करायच्या तसंच सगळं करून ट्रे घेऊन आली. मागे तिची आई, सासू, दोन-चार बायका. किचनमध्ये उभं राहायला जागा नव्हती.

मामा नुसते फुलले होते. बायकांना समजावून सांगत होते, "दुसऱ्या कंपनीचा नवा थर्मोस्टॅट बसवलाय! मी स्वतः तपासलाय. एक डिग्री इकडची तिकडे होणार नाही. जेवढं लावाल तेवढंच तापणार! वसईत असा दुसरा ओव्हन दाखवा मला!"

"हो मामा, पण ठेवू किती वर?" रिटानं विचारलं. "मामी किती वर ठेवायच्या?"

मामांनी बटणावर हात ठेवला. बटण थोडं फिरवलं, पुन्हा मागं आणलं.

"थांब हं, एक मिनिट," ते म्हणाले, आणि आतल्या खोलीकडे तोंड करून नेहमीच्या मोठ्या आवाजात त्यांनी हाक मारली, "सिसिल! केक किती वर ठेवायचा गं?"