सावलीतला गुलाब आणि आईची आकडी

गुहागरहून पुण्याला निघाले त्या सकाळी आईनं माझ्या मांडीवर एक पुडकं ठेवलं. ओल्या फडक्यात गुंडाळलेली गुलाबाची काडी, वरून सुपारीची विरी, म्हणजे झावळीच्या बुडाचं रुंद सालपट, सुतळीनं बांधलेली. एसटी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाली, "लाव तिथं. त्यानं फूल धरलान की येईन मी राहायला." बाबा गेल्यापासून ती वाडीत एकटी होती आणि माझ्याबरोबर चल म्हणून मी तिच्या किती विनवण्या केल्या होत्या. अट ऐकून मला हसूच आलं. गुलाबच तर लावायचा होता.

गावी राहिलेल्यांनो, इथली सावली आपल्यासारखी नसते. वाडीत पोफळी डुलतात, कवडसे दिवसभर फिरत असतात. इथं माझ्या तळमजल्याच्या फ्लॅटमागे जमिनीची अरुंद पट्टी आहे आणि समोर बिल्डिंग. तिची सावली दहाच्या सुमाराला येऊन बसते, ती उठायचं नाव घेत नाही. माझ्यासारखे बाहेर पडलेले आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

काडी जगली, पानं आली, वर्षं गेली तरी फूल काही येईना. मग मी नर्सऱ्या पालथ्या घातल्या. आधी भरगच्च पाकळ्यांचे लालभडक गुलाब आणले. त्यांच्या कळ्या उमलायच्या आधीच कुजल्या आणि पानांवर भुरी पडली. नर्सरीतल्या बाई म्हणाल्या, ऊन कमी असेल तर मोजक्या पाकळ्यांचा, फिका, झुपक्यानं फुलणारा घ्या. तसा एक पांढरा आणला आणि तो खरंच फुलला. मी लगेच फोटो पाठवला. आईचा फोन आला, "छान हाय. पण हा आपला नाय."

मला चैन पडेना. आईचा गुलाबही फिकाच, मोजक्या पाकळ्यांचा. मग पोफळीच्या गर्द सावलीत तो फुलतो आणि इथं का नाही? माती वेगळी म्हणून, की पाणी? आई त्याला मासे धुतलेलं पाणी घालायची, तेही घालून पाहिलं. सोसायटीतली झाडून सगळी मांजरं जमली आणि सेक्रेटरी येऊन गोड शब्दांत कानउघाडणी करून गेले. लेकीचा खडू घेऊन मी ऊन कुठवर येतं त्याच्या भिंतीवर खुणा करत बसे, आणि घरातले माझ्याकडे बघून हसत.

मे महिन्यात गावी गेले तेव्हा पहाटे मुद्दाम आईच्या मागे वाडीत गेले. लहानपणी मी उठायच्या आत फुलं देवापुढे असायची, त्यामुळे ती तोडताना मी तिला कधी पाहिलंच नव्हतं. खाली गुलाबाला एकही फूल नव्हतं. आईनं मान वर केली, टोकाला आकडा बांधलेली बांबूची लांब आकडी उचलली आणि पोफळीवर पार उंच चढलेल्या फांदीवरून फूल खाली ओढलं.

"हा एवढा वर चढतो?" मी विचारलं.

"मग? खाली ऊन कुठं हाय त्याला? जिथं हाय तिथं जातो तो."

आणि मी दरवर्षी, व्हिडिओत सांगतात तशी, त्याची गुडघ्याएवढी छाटणी करत होते.

त्या वर्षी कात्रीला हात लावला नाही. फांद्या भिंतीवरच्या पाइपाला बांधत वर वर नेल्या. थंडीत एका सकाळी वरच्या मजल्यावरच्या काकूंनी हाक मारली, "अहो, तुमचा गुलाब आमच्या ग्रिलमध्ये फुललाय." मी तशीच गाऊनवर मागच्या पट्टीत धावले. मान वर करून बघताना रडू आलं. मग धाकधूक लागली, शेजारणीच्या घरी फुललेला आईला चालेल का? फोनवर सगळं सांगितलं. तिनं फक्त विचारलं, "केवढा उंच गेला?"

पुढच्या आठवड्यात ती स्वारगेटला उतरली. एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात तिच्याहून उंच आकडी. कंडक्टरशी वाटभर वाद झाला होता म्हणे. ही कशाला म्हणून विचारलं, तर मलाच म्हणाली, "वर धरलान म्हणालीस ना? मग काढणार कशानं?"

आता आई येऊन-जाऊन असते. वाडी तिला सोडवत नाही आणि मीही सोड म्हणत नाही. घर कुठलं असं कुणी विचारलं की पूर्वी मी पटकन गुहागर सांगायचे, आता जरा अडखळते. गेल्या खेपेला तिला एसटीत बसवताना मी आकडी आत द्यायला गेले. तिनं ती परत माझ्या हातात दिली.

"ऱ्हाऊदे तुझ्या दारामागं," म्हणाली. "तिकडं मी दुसरी केलीय."