दसऱ्यापासून मुकं झालेलं विमान

रविवार उजाडला की माझं डोकं दुखायला लागायचं. आठवडाभर शिरूरला कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचे, न्हावऱ्यात घरचं सगळं आवरायचं, आणि सुट्टीच्या एकुलत्या एका दिवशी एसटीने दौंड गाठायचं. कशासाठी? तर आप्पांच्या विमानाला आवाज येत नाही म्हणून.

आप्पा म्हणजे माझे वडील. जन्मभर रेल्वेचं डिझेल इंजिन चालवलं. रिटायर व्हायला चार वर्षं उरली असताना डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले आणि त्यांना इंजिनावरून उतरवून ऑफिसात बसवलं. त्याबद्दल ते कधी अवाक्षर बोलले नाहीत. आई गेल्यावर ते फार गप्प झाले, म्हणून मीच त्यांना कॉम्प्युटरवर विमान उडवायचा गेम लावून दिला. गेम म्हटलेलं त्यांना खपत नाही. ते त्याला ड्युटी म्हणतात. इंजिनावर ड्रायव्हरने सिग्नल मोठ्याने बोलायचा आणि असिस्टंटने तोच परत बोलायचा, ही रेल्वेची शिस्त. आप्पा विमानातही सगळं मोठ्याने बोलतात. परत बोलायला कोणी नसतं, एवढाच फरक.

गेममधली मूळची विमानं व्यवस्थित वाजायची, पण त्यांना ती नको होती. नेटवरून उतरवून वरून घालायची विमानं असतात, अ‍ॅड-ऑन म्हणतात त्यांना. त्यातलं दोन पंख्यांचं एक जुनं विमान त्यांचं लाडकं. त्याची घरघर डिझेलसारखी आहे म्हणे. स्क्रीनवरचे काटे त्यांना नीट दिसत नाहीत, म्हणून ते कानावर चालवतात. आवाज दबला की विमान चढतंय, मोकळा झाला की उतरतंय. आणि नेमकी ही वरून घातलेली विमानंच मुकी झाली. पंखे गरगर फिरतायत आणि खोलीत शुकशुकाट.

"दसऱ्यापासनं न्हाई आवाज," असं ते पहिल्याच रविवारी म्हणाले होते. मी ऐकलं आणि सोडून दिलं. पेशंटने डॉक्टरला शिकवू नये, असा माझा तोरा.

त्या रविवारी मी स्पीकरच्या वायरी बदलल्या. पुढच्या रविवारी विमान काढून टाकलं, पुन्हा घातलं, आवाजाच्या फाइली एकेक करून वाजवून पाहिल्या. फाइली ठणठणीत, विमान मुकं. तिसऱ्या रविवारी एसटीत उभ्याने आले होते, कंबर भरून आली होती. तासाभराने माझा तोल गेला.

"आप्पा, तुम्हीच कायतरी दाबलंय. नको तिथं हात लावता आन् मग मला बोलावता."

ते स्क्रीनपासून मागे सरकले. "आसंल," म्हणाले. "माझाच लागला आसंल हात."

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. खरं सांगते, मला बरं वाटलं. दोन रविवार मी घरी झोपून काढले.

मग एक दिवस क्लासमध्ये एका अंगणवाडी सेविकेची फाइल उघडेना. तिने नाव मराठीत दिलं होतं. मी फळ्याकडे वळले आणि नेहमीचं पाठ केलेलं बोलून गेले, की जुन्या सॉफ्टवेअरला मराठी नावं वाचता येत नाहीत, फोल्डरला कधी मराठीत नाव देऊ नका. बोलता बोलता खडू हातात तसाच राहिला. दसऱ्याला मी आप्पांच्या कॉम्प्युटरला नवी डिस्क बसवली होती. पूजा केली, झेंडू वाहिला, आणि नव्या वहीवर पहिलं लिहितात तसं नव्या डिस्कवर पहिलं फोल्डर केलं: ॥श्री॥ विमाने. वरून घातलेली सगळी विमानं त्यातच ठेवली. चित्र दिसत होतं, पण आवाज शोधणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमला तो पत्ताच वाचता येत नव्हता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला माझीच लाज वाटली.

रविवारी गेले तर कॉम्प्युटरवर टॉवेल झाकलेला. टॉवेलवर धूळ. आप्पा ओट्यावर पेपर घेऊन बसले होते. मी श्रींना मनात हात जोडले, फोल्डरला साधं इंग्रजी नाव दिलं, गेमला नवा पत्ता दिला. विमान चालू केलं तशी कपाटाची काच थरथरली.

आप्पा पेपर टाकून आत आले, माझ्या मागे उभे राहिले. "उजवं इंजिन जरा उशिरा उचलतंय," म्हणाले. मी खुर्ची सोडली. ते बसले, पण हात मांडीवरच ठेवले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं,

"लावू का हात?"

ज्या माणसाने अख्ख्या मालगाड्या ओढल्या, तो मला माऊस धरायची परवानगी मागत होता. "आप्पा, चूक माझी होती," मी म्हणाले. "दसऱ्याला मीच नाव मराठीत घातलं. तुम्ही कायबी केलं न्हवतं."

त्यांचा हात माऊसवर गेला. विमान धावपट्टीच्या टोकाला आणून त्यांनी उभं केलं. माझी तीनची एसटी निघायला दहा मिनिटं होती.

"लाइन क्लिअर," ते मोठ्याने म्हणाले आणि थांबले.

मी पर्स खाली ठेवली, शेजारी स्टूल ओढलं.

"लाइन क्लिअर," मी म्हणाले.