काकाजींच्या गाडीची रेस

काकाजींची मोटार उभी राहिली की तिला जास्त चेव येई. धावताना निदान कामात तरी असे. पण रेल्वे फाटकावर थांबली की अशी डरकाळी फोडी, की पुढच्या छकड्याचे बैल बिथरत. जुनी डिझेल गाडी, आणि तिची रेस कायम चढलेली. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला तरी इंजिन आपलं पेटलेलंच. पांढुर्ण्यात गल्लीगणिक काकाजी होते, पण 'रेसवाले काकाजी कुठं राहतात' असं विचारलं की लोक म्हणत, "आवाज येऊन राहिला ना, तिकडंच जा."

ही गाडी त्यांनी नोकरीतून निवृत्त झाल्यावर घेतली, ती काकीजींसाठी. मुलगी सौंसरला दिलेली, काकीजींचे गुडघे दुखरे, बसची चढउतार सोसेना. शनिवारी जामसावळीच्या मारुतीला जाणारी माणसं काकाजी गाडीत कोंबत, पण पुढची सीट रिकामी ठेवत. मी त्यांचा शेजारी, सौंसरच्या शाळेत मास्तर. एकदा पुढं बसायला गेलो तर म्हणाले, "मांगं बस, मास्तर. ते जागा घरवालीची हाय."

पण घरवाली बसेल तर शपथ! "हे धूड गप बसलं का मग बसीन मी," काकीजी म्हणत. "सांगितलेलं काही आयकत नाही. तुमच्यावरच गेली हाय." आणि गुडघे धरत बसमध्ये चढत. काकाजीही हट्टी. बस निघाली की हे मागोमाग, रिकामी सीट घेऊन, थेट सौंसरपर्यंत. बस थांबली की हेही थांबत आणि खिडकीकडे पाहून ओरडत, "आता तरी ये ना वं!" काकीजी तोंड फिरवून घेत. आम्हा बसमधल्यांना फुकटचा तमाशा.

त्या आवाजामुळे काकाजींना हळू बोलणं जमतच नसे. मला रामाकोन्याचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगी पाहून काकाजींच्या गाडीतून परतताना फाटक लागलेलं. काकाजींनी तिथं मागं वळून विचारलं, "पोरगी पसंत पडली का नाही?" सगळी रांग माझ्याकडे पाहू लागली. मी लाजून हो म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर फाटकवाल्यालाच राहवेना. तो हात उंचावून ओरडला, "हो म्हणते जी तो!" माझं लग्न असं फाटकावर ठरलं. घरी नंतर कळलं.

गजू मिस्त्रीनं त्या रेसपायी जीव आटवला होता. केबल धुतली, स्प्रिंग बदलली, पंपावरचा स्क्रू पिळून रेस उतरवली. संध्याकाळी गाडी गरीब गाईसारखी घरी जाई आणि सकाळी पुन्हा बोंबलत येई. काकाजींचं म्हणणं ठरलेलं : "रातच्यानं मरते बाप्पा ते. सकाळी चालूच राहत नाही. म्हणून देतो जराशी पिळून." मिस्त्री कपाळावर हात मारी. "माझ्या हाती कशी नाही मरत, काकाजी?"

शेवटी काकीजींनीच निदान केलं. रात्री मरते, दिवसा बोंबलते, म्हणजे बाधा! दुसरं काय? जामसावळीला बाधा झालेली माणसं आणतात, तशी गाडी न्यायची ठरली. काकीजी अर्थातच बसनं आल्या. मिस्त्री स्क्रू पिळायचा पेचकस घेऊन गाडीतून आला. त्याचा मारुतीवर विश्वास होता, काकाजींवर नव्हता.

देवळाबाहेर माणसं घुमत होती, आणि त्यांच्यात आमची गाडी थरथरत उभी. लोधीखेड्याच्या एका बाईनं लांबूनच हात जोडले. "कव्हापासून येते वं हिच्या अंगात?"

"घेतली तवापासून," काकीजी म्हणाल्या.

त्यांनी निजलेल्या मारुतीच्या नाभीतून झिरपणारं तीर्थ आणलं, बोनेट उघडायला लावलं आणि इंजिनावर शिंपडलं. त्याच घटकेला मिस्त्रीनं वाकून स्क्रू पिळला. गाडी एकदम शांत झाली. टकटक, टकटक, लयीत चालू लागली. लोकांनी बजरंगबलीचा असा जयजयकार केला, की मिस्त्रीनं पेचकस गुपचूप खिशात टाकला.

काकीजींनी पदर खोचला आणि त्या पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसल्या. "चला जी आता," त्या म्हणाल्या.

काकाजींनी चावी फिरवली. चालू इंजिनावर स्टार्टर करकरला, अंगावर काटा आला. त्यांनी पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. "मेली ना!" ते घामाघूम होऊन म्हणाले. "म्हणत नव्हतो मी? कमी केली का मरते!"

गाडी चालूच होती. आम्हा सगळ्यांना ऐकू येत होती.

"अजी," काकीजी हळूच म्हणाल्या. काकाजी समोर पाहत होते. "अजी, मी बसली ना." ते आपले समोरच. शेजारी बसलेल्या बायकोचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं. इतकी वर्षं आम्ही इंजिनाला बोल लावत होतो. काकीजींचा चेहरा उतरला.

क्षणभरच. मग खिडकीतून डोकं काढून त्या काकाजींनाही ऐकू जाईल एवढ्यानं ओरडल्या, "गजूभाऊ, वाढव रेस!"

"पण काकीजी..."

"वाढव म्हणते ना! मले असाच आवाज आवडते!"

मिस्त्रीनं मुकाट्यानं स्क्रू पिळला. गाडी डरकाळली आणि काकाजी लहान पोरासारखे हसले. "पाह्यलं का मास्तर? आखरीले पटलं हिले!"

पुढं बरीच वर्षं काकीजी त्या सीटवर बसल्या. मागून हॉर्न वाजला की काकाजींच्या गुडघ्यावर चापट मारत. लोक म्हणत, "काकीजी, कमी करून घ्या ना ते रेस," तर त्या फणकारत, "माह्या गाडीचा आवाज, तुमच्या कायले पोटात दुखते?" खरं मला ठाऊक होतं, मिस्त्रीला होतं. आम्ही कधी तोंड उघडलं नाही.

काकीजी गेल्या. तेरवी झाल्यावर काकाजींनी मला सोबत घेतलं आणि गाडी मिस्त्रीकडे नेली. रस्ताभर मीच त्यांच्या गुडघ्यावर चापट मारत होतो.

"कमी करून दे आता," ते मिस्त्रीला म्हणाले. "मले नव्हता आवडत हा कल्ला कव्हाच. तिले आवडे म्हणून ठेवला होता."

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. मला रडू आवरेना, मी तोंड फिरवलं. त्यानं स्क्रू पिळला. इंजिन शांत, लयीत चालू लागलं.

काकाजी उघड्या बोनेटवर वाकले. मग म्हणाले, "बंद केली का?"

"हो, काकाजी," मी ओरडून म्हणालो.

मिस्त्रीनं खिडकीतून हात आत घातला आणि गाडी खरोखरच बंद केली.