दाबक्यांची मोकळीक

"कागद दाबण्याखेरीज या पेपरवेटचा दुसरा काय उपयोग होईल, सांगा. डोकं मोकळं सोडा."

मुलाखतीत दाबके साहेबांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी म्हणाले, "वाऱ्याने दार आपटू नये म्हणून लावता येईल."

"चूक."

"लसूण ठेचता येईल."

"तेही चूक. यातून पाहिलं की अक्षर मोठं दिसतं." एवढं बोलून त्यांनी पेपरवेट जागेवर ठेवला. कल्पनाशक्तीच्या परीक्षेतही बरोबर उत्तर एकच असतं आणि ते दाबक्यांकडे असतं, हे मला तिथेच कळलं. नोकरी मात्र मिळाली. तेवढ्या पगारात यायला दुसरं कुणी तयार नसावं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शनिवार पेठेत एका भांड्यांच्या दुकानावर अरविंद दाबक्यांचं जाहिरातीचं ऑफिस होतं. मी मजकूर लिहायची, रफीक तांबोळी चित्रं काढायचा, आणखी चार-पाच माणसं होती. साहेब स्वतः काय करायचे हे सांगणं अवघड आहे. त्यांच्याच शब्दांत, ते 'दिशा द्यायचे'. दिसायला रुबाबदार, कपडे कडक इस्त्रीचे. बोलताना डोळे मिटून घ्यायची सवय होती, त्यामुळे समोरचा कंटाळलाय हे त्यांना आयुष्यात कधी दिसलं नाही.

एकदा महाबळेश्वरला नेतृत्वाचं कसलंसं शिबिर झालं. इतर लोक तिथून जामच्या बाटल्या आणतात, साहेब सर्जनशीलता घेऊन आले. दुसऱ्याच दिवशी भिंतीवर पाटी लागली : 'येथे मुक्तपणे विचार करावा. दर गुरुवारी दुपारी ४ ते ५.'

रफीकने पाटी वाचली आणि मला विचारलं, "ताई, बुधवारी काही सुचलं तर काय करायचं?"

"दाबून ठेवायचं," मी म्हणाले.

गुरुवारी आम्ही सगळे चपला काढून सतरंजीवर बसायचो, कारण शिबिरात म्हणे सगळे एका पातळीवर बसले होते. साहेब खुर्चीवर बसायचे, कारण त्यांचा गुडघा दुखायचा. तासातला पाऊण तास तेच बोलत. "मला वेडी माणसं हवीत," हे दर वेळी. "चुकायला घाबरू नका, मी आहे ना मागे," हेही दर वेळी. उरलेल्या वेळात कुणी काही सुचवलं तर डोळे मिटून म्हणायचे, "छान. फक्त जरा बदलू."

त्या सुमारास मार्केट यार्डातले एक गुळाचे व्यापारी आमच्याकडे आले. त्यांना अर्धा किलो गूळ खोक्यात घालून शहरातल्या दुकानांतून विकायचा होता. त्या काळी गूळ ढेप फोडून कागदात बांधून मिळायचा, खोक्यातला गूळ कोण घेणार, अशी त्यांच्याच घरच्यांना शंका होती. शेठ मात्र हट्टाला पेटले होते. रफीकने दोन दिवस विचार केला आणि गुरुवारी पुठ्ठ्याची एक लहानशी ढेप करून आणली. खाली रुंद, वर निमुळती, गोणपाटाच्या रंगाची. वर फक्त एक शब्द : गूळ.

"बाई दुकानात शिरली की लांबूनच ओळखेल," तो म्हणाला.

साहेबांनी चक्क डोळे उघडले. "वा. हाच तो वेडेपणा. फक्त जरा बदलू."

पुढच्या दोन आठवड्यांत ढेपेला कोपरे आले, कारण चौकोनी खोका रचायला सोपा. मग उसाचं चित्र आलं, मग फेटेवाला शेतकरी, मग हसणारं बाळ, शेवटी सोनेरी किनार. प्रत्येक बदलाच्या वेळी रफीक शांतपणे सांगायचा, "साहेब, याने ती ढेप राहत नाही." साहेबांचं उत्तर ठरलेलं होतं. "तांबोळी, स्वतःच्या कल्पनेच्या प्रेमात पडू नये."

खोका दाखवायला साहेबांनी आम्हा दोघांनाही मार्केट यार्डात नेलं. शेठनी तो हातात फिरवून पाहिला आणि बाजूला ठेवला. "साहेब, हा साबण वाटतोय."

दाबके क्षणभरही थांबले नाहीत. "हे आमच्या तांबोळींचं काम. नवीन पोरांना मी मोकळीक देतो. मग असं होतं कधी कधी."

मी रफीककडे पाहिलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्याने शेठच्या गादीवरचा एक जाड कागद मागून घेतला, कात्रीने कापला, दुमडला आणि त्यांच्यासमोर ढेप उभी केली. "शेठ, माझं काम हे आहे."

शेठनी ती उचलली, तळहातावर ठेवली आणि हसायला लागले. "हां. ही माझी ढेप."

"हाच आमचा दुसरा पर्याय होता," साहेब डोळे मिटून म्हणाले. "तुमची पारख बघत होतो."

माणसाची लाज किती समूळ नाहीशी होऊ शकते, ते मी त्या दुपारी पाहिलं. काम आम्हाला मिळालं, आणि दुसऱ्या दिवशी रफीकला काढलं. कारण सांगितलं ते असं : "टीममध्ये राहून एकट्याने चमकायचं नसतं."

त्यानंतरचे गुरुवार अगदी शांत गेले. साहेब विचारायचे, "बोला, कुणाला काय सुचलंय?" आणि सगळे सतरंजीच्या पट्ट्या बघत बसायचे. ज्यांना सुचायचं ते एकेक करून सोडून गेले. वर्षभरात मीही गेले, रफीककडे. तोवर त्याने भावाच्या मदतीने दोन खोल्यांत स्वतःचं काम सुरू केलं होतं. तिथे पाटी नव्हती, सतरंजीही नव्हती. आपण काही दाखवलं की तो नीट बघायचा, "अजून काय होईल?" असं विचारायचा आणि निघून जायचा. माझ्या एका मजकुरावर गिऱ्हाईक भडकलं, तेव्हा म्हणाला, "मी मंजूर केलाय. मला बोला." दाबक्यांनी ज्याच्यावर आयुष्यभर भाषणं दिली, ते एवढंच असतं.

आणि भाषणं त्यांनी खरोखरच आयुष्यभर दिली. ऑफिस बंद पडल्यावर ते 'नेतृत्व आणि सर्जनशीलता' या विषयातले तज्ज्ञ झाले. वाघोलीच्या एका कॉलेजात माझी भाची शिकत होती, तिच्या आग्रहाने मी एकदा ऐकायला गेले. साहेब ढेपेची गोष्ट सांगत होते. एक घाबरट चित्रकार, त्याला धीर देणारे दाबके, आणि गिऱ्हाइकासमोर कागद दुमडणारे हातही दाबक्यांचेच. मुलं वहीत उतरवून घेत होती. तेवढ्यात त्यांनी मला ओळखलं.

"या जोगबाई. माझ्या टीममध्ये होत्या. सांगा बाई, कसं वातावरण होतं?"

मी उभी राहिले. "ती ढेप रफीक तांबोळींनी केली होती. सरांनी त्यांना दुसऱ्याच दिवशी कामावरून काढलं."

दाबक्यांनी डोळे मिटले, उघडले आणि मुलांकडे वळून म्हणाले, "बघितलंत? वरिष्ठासमोर इतकं निर्भीड बोलणारी माणसं मी तयार केली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी उभीच होते. भाचीने हात धरून खाली बसवलं.

दोन वर्षांपूर्वी ते वारले. शोकसभेला मी गेले नाही, रफीक गेला. संध्याकाळी मी त्याला फोन केला. "काय बोललास?"

"कुणालाच बोलू दिलं नाही, ताई. साहेबांच्याच भाषणाचं रेकॉर्डिंग लावलं होतं. पाऊण तास."