पेनल्टीकडे पाठ

दोह्यातल्या सूक वाकिफ बाजारात मसाल्यांच्या पोत्यांपुढून जाताना वेलदोड्याचा वास आला आणि शेजारच्या दुकानात ‘त्याची’ जर्सी टांगलेली दिसली. विश्वचषक होऊन गेला, जर्सीचा रंग उन्हानं विटला, तरी दुकानदार ती उतरवत नाही. लोक अजून विचारतात म्हणे. मी तिथंच थबकले.

तो दक्षिण अमेरिकेतला फुटबॉलपटू, माझे वडील कोल्हापूरचे. आप्पा तरुणपणी तालमीच्या फुटबॉल संघातून खेळलेले, त्यामुळे तो कोवळा पोरगा होता तेव्हापासून त्यांनी त्याला घरचाच मानला. त्याच्या देशाची राजधानी आप्पांना सांगता यायची नाही, पण त्याचा कुठला गुडघा कधी दुखावला, कुठला चषक थोडक्यात हुकला, हे तोंडपाठ. पेठेत त्याचे एवढाले फलक लागायचे की नवरदेवानंही जळावं. आमच्या घरात मात्र एक विचित्र रीत होती. त्यानं पेनल्टीसाठी बॉल ठेवला, की आप्पा टीव्हीकडे पाठ करायचे. आपण बघितलं की तो चुकतो, ही त्यांची पक्की समजूत. काय झालं ते मग माझ्या चेहऱ्यावर वाचायचे.

विश्वचषकासाठी ते दोह्यात आमच्याकडे आले, ते हृदयातले अडथळे घेऊनच. डॉक्टरांनी बायपास सांगितली होती, आप्पा ढिम्म. मी रडले, भांडले, अबोला धरून पाहिला. अखेर त्याचा सामना बघायला आम्ही गेलो. स्टेडियममध्ये त्याला पेनल्टी मिळाली, तसे आप्पा उठून मैदानाकडे पाठ करून उभे राहिले.

“ह्यानं गोल मारला तर ऑपरेशन. न्हाई मारला तर परत इषय काढायचा न्हाई. खलास!”

“अंकल, मॅच उधर है!” मागच्या रांगेतला कुणीतरी हसत म्हणाला.

मला फुटबॉलचं काडीचं वेड नाही, पण त्या घटकेला माझ्या बापाचा जीव एका परक्या माणसाच्या पायात अडकला होता. त्या माणसाचा मला भयंकर राग आला, आणि त्याच्यासाठी मी देवाचा धावाही करत होते. त्यानं बॉल मारला. गोलकीपरनं झेप घेऊन अडवला. मी चेहरा सांभाळायला गेले, जमलं नाही. आप्पांनी सगळं वाचलं.

ते सावकाश वळले. खाली तो मोजे वर ओढत होता. मग धावत सुटला आणि हात वर करून पुन्हा बॉल मागू लागला. आप्पा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

“हुकला,” ते म्हणाले, “पन बघ की, परत बॉल मागाय लागलाय.” आणि खाली बसता बसता, “उद्या डॉक्टरला फोन कर. आन् तू रडू नगंस.”

आप्पा आता कोल्हापुरात ठणठणीत आहेत. तोही खेळतोय, पाय जरा जड झालेत, कधीतरी थांबेल. तो थांबला की आप्पांच्या आतलंही काहीतरी थांबेल, ही धास्ती मी कुणाला बोलून दाखवत नाही. त्याची पेनल्टी आली, की व्हिडिओ कॉल लागतो. आप्पा टीव्हीकडे पाठ करतात आणि माझा चेहरा शोधतात.

मी आधी हसते. बॉल कुठं गेला ते मग बघते.