तारकाकांचा स्वच्छ सिग्नल

तारकाकांची आणि माझी पहिली भेट झाली त्या क्षणी पृथ्वी आपल्या आसावर थोडी सरकली असावी. आम्ही त्या इमारतीत नुकतेच राहायला आलो होतो. बायकोने मसाला वाटायला मिक्सर लावला आणि वरच्या मजल्यावरून अशी आरोळी आली की मिक्सर बिचारा घाबरून जागच्या जागी थिजला. "बंद करा ते! तिकडे समुद्रापलीकडचा माणूस बोलतोय आणि मला इथे तुमचा मसाला ऐकू येतोय!" पाठोपाठ बनियनवरचे एक गृहस्थ, कानाला हेडफोन, त्याची उपटलेली वायर शेपटीसारखी मागे ओढत, जिना उतरून थेट आमच्या स्वयंपाकघरात. मला प्रश्न पडला, असा आवाज असलेल्या माणसाला रेडिओ हवाच कशाला? नुसती खिडकी उघडली तरी समुद्रापलीकडचे लोक झोपेतून उठतील.

मग त्यांनीच मिक्सर खोलला, आत कसलासा बारीक भाग बसवला आणि मिक्सर त्यांच्या रेडिओत बोलायचा थांबला. काका थांबले नाहीत.

तारकाका हे पोरांनी ठेवलेलं नाव, गच्चीवरच्या त्यांच्या लांबलचक तारेच्या अँटेनामुळे. धंदा शिलाई मशिनी दुरुस्त करण्याचा. दुकान बंद झालं की हौशी रेडिओ, रीतसर परवाना काढून. जगभरच्या लोकांशी गप्पा. गप्पा म्हणजे काय, तर "तुमचा आवाज स्वच्छ येतोय", "तुमचाही स्वच्छ येतोय", नमस्कार. त्यांच्या बायको, आमच्या वहिनी, म्हणायच्या, "माझंच बोलणं तेवढं यांना कधी स्वच्छ येत नाही."

अशा माणसाचा सिग्नल घाणेरडा आहे असं सोसायटीने ठरवलं! कारण काय, तर टीव्हीवर रेघा येतात. चेअरमन जन्मभर विमा विकलेले. त्यांनी कुठेतरी अर्धं पान वाचलं होतं की रेडिओ खराब असला तर मूळ लहरीच्या दुप्पट, तिप्पट, चौपट लहरीही बाहेर सांडतात, त्यांना हार्मोनिक्स म्हणतात. उरलेलं अर्धं पान वाचायची तसदी न घेता त्यांनी अँटेना उतरवण्याचा ठराव तयार केला. पुरावा मागायची पद्धत त्या इमारतीत नव्हतीच.

"मला चोर म्हणा, ऐकून घेईन," काका जिन्यातच गरजले. "पण माझ्या सिग्नलला घाणेरडं म्हणता?"

रेडिओवरच्या एका दोस्ताकडून ते स्पेक्ट्रम ॲनालायझर घेऊन आले आणि साऱ्या कमिटीला घरी बोलावलं. या यंत्राच्या पडद्यावर डावीकडे आपला सिग्नल उंच खांबासारखा दिसतो. हार्मोनिक्स असतील तर त्यांचे खांब उजवीकडे उभे राहतात. काकांनी कमी पॉवर लावली. डावीकडे एक खांब. उजवीकडे नुसतं खुरटं गवत.

"बघा! आहे का घाण?"

"हळू आवाजात कोण सभ्य वाटत नाही?" चेअरमन म्हणाले. "फुल पॉवर लावा की. का भीती वाटते?"

झालं! रेडिओ आणि ॲनालायझर यांच्यामध्ये सिग्नल दाबणारी एक डबी जोडलेली असते. पॉवर वाढवायची तर आधी दुसरी डबी जोडावी लागते, नाहीतर ॲनालायझरच गुदमरतो आणि नसलेले खांब स्वतःच दाखवायला लागतो. नव्या हौशी लोकांना हे काकाच शिकवायचे. पण भीती हा शब्द कानावर पडला आणि काकांनी तशीच बटणाची मान पिरगाळली.

उजवीकडे तीन खांब उभे राहिले.

"अहो, ती डबी..." वहिनी कुजबुजल्या. त्यांना माहीत होतं! काकांनी कपाळावर हात मारला, दुसरी डबी जोडली. डावीकडचा खांब डबीच्या हिशेबाने थोडा बसला, उजवीकडचे तिन्ही साफ गेले; खरे असते तर तेही तेवढेच थोडे बसले असते.

"हे खांब माझे नव्हतेच! यंत्राचे होते! तुमच्या कानात मी ओरडलो आणि तुमच्या कानात शिटी वाजली, तर ती शिटी मी वाजवली का?"

"डबी लावली की चोर पळतात," चेअरमन म्हणाले, "म्हणजे डबी काढली की चोर घरात!"

सगळे हसले. वाक्य झकास होतं, आणि या देखण्या मूर्खपणाचाच मला आजही संताप येतो. खरं सांगणारा माणूस समोर लालबुंद होऊन उभा होता, पडदा त्याच्या बाजूने साक्ष देत होता, आणि मंडळी वहिनींचा चहा पीत त्याच्याकडे हातचलाखी पकडल्यासारखी बघत होती. एकाने तर विचारलं, "ती डबी टीव्हीला लावता येईल का?"

"तुमच्या डोक्याला लावा!" काका म्हणाले. इथे उरलीसुरली मतंही गेली.

मी ठरावाच्या विरोधात बोललो. मला सांगण्यात आलं की मी भाडेकरू आहे.

पुढच्या रविवारी अँटेना उतरली. रेघा चालूच राहिल्या. त्या लिफ्टच्या मोटरमुळे येत होत्या हे वर्षभराने कळलं, तेव्हा मोटर बदलण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. अँटेनाचा विषय कोणी काढला नाही. काकांनी तोवर रेडिओ विकला होता.