आधी उचल, मग ढकल

लोक त्याला लालपेन म्हणत. उमेदीची सगळी वर्षं त्याने एका वर्तमानपत्रात प्रूफं तपासण्यात घालवली होती. वर्तमानपत्र बंद पडलं तेव्हा त्याच्या हाती दोनच गोष्टी उरल्या : एक अर्धवट संपलेलं लाल पेन, आणि दुसऱ्याची चूक दिसली की बोटांना सुटणारी खाज. पेन कधीतरी वाळून गेलं. खाज काही गेली नाही, म्हणून तो कॉम्प्युटर गेमचे रिव्ह्यू करून त्यांचे व्हिडिओ इंटरनेटवर टाकायला लागला.

पोट सुटलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला हा गृहस्थ बंदुकांचे गेम खेळतो हे बघून आधी पोरंटोरं फिदीफिदी हसली. मग हळूहळू ऐकायला लागली. लालपेनची जीभ म्हणजे वस्तरा. गेमची कंपनी दर काही महिन्यांनी जुन्या गेममध्ये नवा माल भरते, नव्या बंदुका, नवे कपडे, लढायला नवी जागा, आणि त्याला सीझन म्हणते. सीझन आला की लालपेन मागच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर मांडी ठोकून बसायचा आणि पहिल्या पायरीपासून शेवटच्या खिडकीपर्यंत सगळं तपासून चुकांची सालटी काढायचा. लोकांना दुसऱ्याची सालटी निघताना बघायला आवडतंच. त्याचं बरं चाललं होतं.

त्याची एक पद्धत होती. गेम सुरू केला की तो आधी सेटिंगमध्ये जायचा आणि शोभेचं जे जे असेल ते सगळं तळाला नेऊन ठेवायचा. सावल्या बंद, पडदे बंद, भिंतीवरचे डाग बंद, टेबलावरची भांडीकुंडी बंद. मग सगळं जग पुठ्ठ्याच्या खोक्यांचं दिसायचं, आणि त्यात शत्रू कसा, तर पांढऱ्या फरशीवरच्या झुरळासारखा लख्ख. मुरलेले खेळाडू असंच खेळतात, असं तो म्हणे.

"मला चित्रं बघायची नाहीत, चुका बघायच्यात."

"मला बघायला आलात तेव्हाही हेच सेटिंग होतं वाटतं," बायको म्हणायची. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर सुया टोचून घरी यायची, त्यामुळे सवय मोडत नसे.

ज्या गेमवर तो सगळ्यात जास्त तुटून पडायचा, तो गेम बनवणाऱ्या कंपनीत त्याचा सख्खा धाकटा भाऊ होता. बारक्या. गेममधल्या इमारती, गल्ल्या, जिने उभे करणाऱ्या शेकडो लोकांपैकी एक. भावाच्या कंपनीला सूट दिली असं कुणी म्हणू नये म्हणून लालपेन इतर गेमना एक रट्टा द्यायचा तर ह्याला दोन. पण खरं कारण वेगळं होतं. तीन वर्षं दोघांत एका शब्दाचं बोलणं नव्हतं, आणि बारक्या आपले व्हिडिओ बघत असणार ह्याची लालपेनला खात्री होती. रागावणं हेही बोलणंच की. फोन वाजला की तो उचलायच्या आधी चष्मा सावरून नाव बघायचा, आणि नाव भलतंच असलं की त्या भलत्यावर उगाच खेकसायचा. त्याला बारक्याचा फोन हवा होता. पण तो आधी बारक्याने करायला हवा होता. थोरल्याने आधी वाकायचं नसतं, हे त्याला कुणी शिकवलं होतं देव जाणे.

भांडण आईवरून झालं होतं. आई शिवणकाम करायची. स्वयंपाकघरातच खिडकीखाली तिचं मशीन, आणि मशीनला लागून जेवायचं टेबल. दोघं पोरं कधी वेळेवर घरी आली नाहीत. आई कधी रागावलीही नाही. उशिरा येणाऱ्याचं ताट वाढून, त्यावर दुसरं ताट पालथं घालून ठेवायची. ते वरचं ताट उचललं की वाफेने चष्मा धुरकटायचा. दोघंही चष्मेवाले, दोघांचाही.

ती अंथरुणाला खिळली तेव्हा बारक्या दूर, कंपनीच्या गावी. "काम आटपून ये रे, मी कुठे पळून चाललेय," असं आईनेच त्याला फोनवर सांगितलं, आणि त्या गाढवाने ते खरं मानलं. तो पोचला तेव्हा सगळं आटोपून दोन दिवस झाले होते. दार लालपेननेच उघडलं. दोन दिवसांचा जागा, डोळे सुजलेले, आणि समोर बॅग घेतलेला भाऊ.

"उशिरा येणाऱ्याचं ताट झाकून ठेवणारी गेली," तो म्हणाला. "आता इथे तुझ्यासाठी काही नाही."

आणि दार लावलं. ते दार फुगलेलं होतं, लावतानाही आतून जोर लावावा लागे. लालपेनने तो लावला. पुढे ती इमारतही पाडली, तिथे गाड्या उभ्या करायला जागा केली. घराचा एक फोटोसुद्धा कुणी काढून ठेवला नव्हता. राहत्या घराचे फोटो काढतं कोण?

तर ह्या वेळच्या सीझनमध्ये नवी जागा आली ती एका जुनाट इमारतीची. लोकांना खुली व्हायच्या आधी ती रिव्ह्यू करणाऱ्यांना खेळायला मिळाली. लालपेनने सकाळीच सगळी शोभा तळाला नेली आणि आत घुसला. जिन्याची तिसरी पायरी मोडकी होती, तिथे धावणारा अडखळायचा. वरच्या मजल्यावर कोपऱ्यात एक खोली, आणि तिचं दार लाथ घालून उघडत नव्हतं. बाकीचे रिव्ह्यूवाले तिथे धडका मारत बसले आणि मागून गोळ्या खाऊन मेले. लालपेन गेला आणि दार उघडलं. उचलायचं बटण, मग ढकलायचं. झालं. व्हिडिओत त्याने कॉलर ताठ करून सांगितलं, "कसं जमलं विचारू नका. अनुभव म्हणतात तो हाच."

आत राखाडी भिंती, खिडकीखाली तपकिरी खोकं, टेबल, टेबलावर एक राखाडी चकती. चकतीपाशी जाऊन बटण दाबून बराच वेळ निमूट उभं राहिलं तर म्हणे ती उघडायची आणि खेळाडूचा जीव पुन्हा भरायचा. लालपेनला तर घबाड सापडलं.

"ज्याने ही खोली बांधली त्याला मी साष्टांग दंडवत घालतो," तो व्हिडिओत म्हणाला. "एकच दार, मागे वाट नाही. बाहेर गोळ्यांचा पाऊस, आणि हे साहेब म्हणतात, जरा थांब, दम खा. अहो, युद्धात कोण जेवायला बसतो? इथे थांबेल तो मूर्ख. शहाण्याने जिन्याच्या वळणावर बसावं, दारावर नेम धरावा आणि मूर्खांची वाट बघावी. ही खोली चूक आहे. ती पायरी चूक आहे. ते दार चूक आहे. खोडा!"

व्हिडिओ तुफान चालला. "इथे थांबेल तो मूर्ख" हे पोरांच्या तोंडी बसलं. सीझन खुला झाल्याबरोबर जिन्याच्या वळणावर नेम धरून बसणाऱ्यांची रांग लागली. थोड्याच दिवसांत कंपनीने जाहीर केलं की खेळाडूंच्या तक्रारी लक्षात घेऊन ती खोली पुढच्या अपडेटमध्ये बंद करण्यात येईल. लालपेन दिवसभर शीळ घालत हिंडला.

"कुणीतरी जीव लावून केलं असेल हो ते," बायको म्हणाली.

"जीव लावून केलेली चूकही चूकच असते."

अपडेटच्या आदल्या दिवशी बायको तिच्या बहिणीकडे गेली होती. दुपारी तिचा फोन आला. आवाज वेगळाच.

"अहो, इथे भाची तुमचा तो गेम खेळतेय, मोठ्या टीव्हीवर. तुम्ही ते सगळं बंद करता ना, ते चालू करा. सगळं. आणि त्या खोलीत जा."

"कशाला?"

"जा म्हणतेय ना. ते आईंचं स्वयंपाकघर आहे."

त्याने शोभेचं सगळं वर नेलं. जुना कॉम्प्युटर धापा टाकायला लागला. राखाडी जिन्यावर ऊन आलं, कठड्याचा उडालेला रंग आला. मोडकी तिसरी पायरी. ह्याच पायरीवर बारक्याचा दात पडला होता. वर ते दार, खालच्या बाजूने फुगलेलं, हिरवं. आई आतून ओरडायची, आधी उचल, मग ढकल. त्याने उचललं, ढकललं.

तपकिरी खोकं म्हणजे मशीन होतं. सुईखाली अर्धवट शिवलेली बाही. चौकटीवर पेन्सिलच्या रेघा, दोन पोरांच्या उंचीच्या, आणि सगळ्यात वरची बारक्याने टाचा उचलून लबाडीने वर नेलेली. खिडकीच्या एका काचेला चिकटपट्टी. ती काच लालपेननेच फोडली होती आणि नाव बारक्याचं घेतलं होतं. आणि टेबलावर ताट, त्यावर पालथं ताट, कडेने हलकी वाफ निघत असलेली. तीन वर्षांपूर्वी दारात ऐकलेल्याला बारक्याने दिलेलं उत्तर ते. भांडला नव्हता, उलट बोलला नव्हता. घर पाडलं तर ते आठवून आठवून पुन्हा बांधलं होतं आणि थोरल्यासाठी ताट झाकून ठेवलं होतं. लालपेन पडद्याला हात लावून बसला. किती वेळ कोण जाणे.

मग त्याने फोन केला. तो थोरला होता हे त्याच्या लक्षातही राहिलं नाही.

"बोल दादा."



"बारक्या, मी... ते बघितलंच नव्हतं रे मी. मी सगळं बंद करून खेळतो. मला नुसती खोकी दिसत होती. आत्ता बघितलं."



"ते दार काढून टाक म्हणून सगळे माझ्या मागे लागले होते," बारक्या सावकाश म्हणाला. "कुणालाच उघडेना. मी म्हटलं, राहू दे, ज्याला यायचंय त्याला उघडता येईल. तुझा व्हिडिओ आम्ही ऑफिसात सगळ्यांनी मिळून लावला. तू पहिल्याच फटक्यात उघडलंस. मी खुर्चीवरून उठलो दादा. म्हटलं, ओळखलं. हा माझा भाऊ, असं सांगितलंसुद्धा सगळ्यांना."

"अरे, ते हाताने आपोआप..."

"मग तू बोलायला लागलास."

लालपेनने डोळे मिटले.

"मला वाटलं, खोकी दिसत असली तरी दार उघडलंस, म्हणजे ओळखूनच बोलतोयस. बरेच दिवस तसंच धरून चाललो."

"नाही रे, आईची शपथ! मला कळलंच नाही."

"हे तर जास्त लागलं बघ. मुद्दाम बोलला असतास तर भांडता तरी आलं असतं."

"ती बंद करू नका. मी नवा व्हिडिओ करतो, मीच मूर्ख होतो म्हणून सांगतो. उद्यापर्यंत..."

"झालंय काम. मीच केलं. तिथे दुसऱ्या कुणी भिंत घातलेली मला बघवली नसती." मग परक्या माणसाला विचारावं तशा मायेने, "वहिनी बरी आहे ना?"

"बरी आहे."

"विचारलं म्हणून सांग."

बारक्याने फोन आपटला नाही. नीट ठेवला. आपटला असता तर बरं झालं असतं, असं लालपेनला वाटलं.

बायको घरी आली तेव्हा तो गेममधल्या त्या खोलीतच होता. दार उचलून ढकलायचा, टेबलापाशी जायचा, बटण दाबून निमूट उभा राहायचा. वरचं ताट हलायला लागायचं, आणि तेवढ्यात मागून गोळी. जिन्याच्या वळणावर रांग होतीच, त्यानेच बसवलेली. तो पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करायचा. बायको शेजारी स्टूल ओढून बसली. एका खेपेला त्याने माइक चालू केला.

"पोरांनो, थोडा वेळ गोळी घालू नका. मला एवढं ताट उघडू द्या."

"आयला, लालपेन आलाय!" कुणीतरी खिदळलं. "काका, तुम्हीच म्हणालात ना, इथे थांबेल तो मूर्ख?"

"हो रे बाबा. मीच म्हणालो."

पोरं हसली आणि गोळी घातली. त्यांचं तरी काय चुकलं? दिवस मावळेपर्यंत तो जात राहिला. ताटाखाली काय वाढून ठेवलंय ते त्याला एकदाही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अपडेट आलं. तो जिना चढला. तिसरी पायरी दुरुस्त झाली होती, पाय अडखळला नाही. वर कोपऱ्यात दाराच्या जागी भिंत होती, सुबक, नुकता रंग दिलेली. वर्तमानपत्रात इतकी वर्षं काढली, पण सांगितलेल्यातली निम्मी दुरुस्तीही कधी कुणी मनावर घेतली नव्हती. इथे त्याने खोडा म्हटलेलं एकूण एक खोडलं गेलं होतं. त्याने भिंतीपाशी जाऊन उचलायचं बटण दाबलं, मग ढकलायचं. पुन्हा उचलायचं, पुन्हा ढकलायचं.

"अहो, वाढलंय," बायकोने आतून हाक मारली. "येताय ना?"

"झाकून ठेव," तो सवयीने म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कानावर पडलं तेव्हा टेबलावर डोकं ठेवून हुंदके देऊन रडायला लागला.